बंब थांबतो तिथून पुढे

13 जून 2023 रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर, लोणावळ्याजवळच्या कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. पेटतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडलं आणि चार जीव गेले. तिथे निदान बंब पोहोचू शकला. नागफणीच्या कड्यावर, राजमाचीच्या दरीत किंवा फुगलेल्या इंद्रायणीच्या पात्रात कोणता बंब जाणार? तिथे उतरतात ती लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ची आणि ‘वन्यजीव रक्षक मावळ संस्थे’ची मुलं. पगार न घेता.

‘शिवदुर्ग’ची मंडळी मूळची डोंगरवेडी. कडे चढायचे, दोर लावायचे, मावळातल्या वाटा पाठ करायच्या. ही आवडच आता तालुक्याच्या कामी येते. कुणी अडकलं, वाहून गेलं, की पोलिसांचा फोन त्यांना जातो. मे 2022 मध्ये दिल्लीचा एक तरुण नागफणीच्या जंगलात वाट चुकला. पोलीस, एनडीआरएफ आणि हे कार्यकर्ते दिवसेंदिवस जंगल पिंजत राहिले. शेवटी दरीत त्याचा मृतदेहच मिळाला. या कामात असे दिवस फार येतात, आणि तरीही पुढच्या फोनला माणसं निघतात. मला याचंच सगळ्यात मोठं अप्रूप वाटतं.

30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. 15 जून 2025 रोजी इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही दिवस रविवार होते. लोणावळ्यात पावसाळी रविवार म्हणजे हॉटेल, चिक्कीचं दुकान, रिक्षा, सगळ्यांच्या कमाईचा दिवस. फोन आला की या मुलांना त्याच दिवशी हातातलं काम टाकून धावावं लागतं.

जर्मनीत अग्निशमन दलाचे बहुतेक जवान असेच स्वयंसेवक असतात. पण तिथे कामावरून उठून आगीवर गेलेल्या माणसाचा पगार कापला जात नाही आणि मालकाला त्याची भरपाई सरकारी तिजोरीतून मिळते. आपल्याकडे कौतुक होतं, शाल-श्रीफळ मिळतं. त्याने नवा दोर येत नाही. दोर वरून धडधाकट दिसला तरी काही वर्षांनी, किंवा एखादा मोठा झटका बसल्यावर, तो बाद करावाच लागतो; त्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो.

पर्यटनावर जगणाऱ्या गावाच्या नगरपरिषदेने आणि जिल्हा प्रशासनाने या मुलांचा विमा, दोर, लाइफ जॅकेट आणि बुडालेली मजुरी यांसाठी दरवर्षी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी. ती देणगी समजू नये, हक्काची रक्कम समजावी. आणि या पावसाळ्यात मावळात येणाऱ्यांनो, धोक्याचा फलक दिसला तर तिथूनच मागे फिरा. तुमच्यामागे पाण्यात उतरणाऱ्या मुलाच्याही घरी कुणीतरी त्याची वाट बघत असतं.