नुसती सही?

"अगं, नुसती सही तर करायचीय!" असं म्हणत घरधनी कागद पुढे करतात आणि पोळ्या लाटता लाटता आपण सही करून मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, जरा थांबा. उद्या धंदा बुडाला आणि कोर्टाने नवऱ्याला नादार ठरवलं, तर १९२०च्या नादारी कायद्यानुसार त्याची मालमत्ता देणेकऱ्यांची देणी फेडण्यासाठी कोर्टाच्या ताब्यात जाते. तुमचं स्त्रीधन, तुमच्या कमाईचं घर मात्र तुमचंच राहतं. पण जामीनदार म्हणून सही केली असेल तर? कोर्टाने नवऱ्याला कर्जातून मोकळं केलं, तरी जामीनदार सुटत नाही. वसुली तुमच्या दारात येऊ शकते. सहीआधी चार प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. मुलांच्या डोक्यावरचं छप्पर शाबूत ठेवणं, हाही संसारच की!