मनाचे श्लोक पाठ, पण मनाचा आजार मात्र 'येडेपणा'?



मनाचे श्लोक लिहिणारे समर्थ रामदास आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावचे. त्या २०५ श्लोकांपैकी काही आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण मन आजारी पडलं तर आपल्याकडे एकच शब्द आहे, 'येडा'. वर्गात पोरं तो सहज वापरतात. ज्याच्या घरी खरंच असा आजार आहे, ते लेकरू तेव्हा मान खाली घालतं.

बायपोलर, म्हणजेच द्विध्रुवीय आजाराचंच घ्या. यात काही दिवस मन फार वर जातं. झोप कमी होते तरी थकवा नसतो, बोलणं भरभर, मोठमोठे बेत, पैशाची उधळपट्टी. पुढे तेच मन इतकं खाली जातं, की अंथरुणातून उठवत नाही. मधल्या काळात माणूस नीट काम करतो, म्हणून लोक त्याला 'लहरी' म्हणतात.

कलावंत असेल तर आपण त्याचं कौतुकही करतो! स्वतंत्रपणे सिनेमा बनवणाऱ्याचं जगणं बघा. रात्रीची जागरणं, पैशाची खात्री नाही. हा आजार असणाऱ्याची झोप बिघडली, तर आजार पुन्हा उसळू शकतो. तेव्हा 'कलाकार असेच असतात' असं म्हणणं म्हणजे उपचार लांबवणं होय.

यावर वेगळी वाट दाखवली ती सुमित्रा भावे यांनी. समाजकार्य शिकलेल्या भावेंनी १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट केला. पुढे सुनील सुकथनकरांसोबत 'देवराई' (२००४) मध्ये स्किझोफ्रेनिया आणि 'कासव' मध्ये नैराश्य दाखवलं. 'कासव'ला २०१६ चं सुवर्णकमळ मिळालं. 'देवराई'तला आजारी भाऊ हसण्यावारी नेलेला नाही. त्याला समजून घेणारी बहीणही त्यात आहे.

मला वाटते, वर्गातही हेच करावे. 'येडा' शब्द ऐकला की तिथेच थांबवा. मधुमेहासारखाच हाही आजार आहे, औषधं बरीच वर्षं घ्यावी लागतात, बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करायची नसतात, हे सोप्या भाषेत सांगा. पालकांना टेली-मानसचा मोफत क्रमांक १४४१६ द्या.

आजाराचं नाव मोकळेपणाने घेता आलं, तरच घरचे लोक दवाखान्याची पायरी चढतील. आणि ते लेकरूही मान वर करून वर्गात बसेल.