वर्दी अंगावर चढण्याआधी

यवतमाळहून पहाटेच्या एसटीने निघणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचे असेल. दारव्हा रस्ता असो की धामणगाव रस्ता, अंधार पुरता फिटलेला नसतो आणि रस्त्याच्या कडेने पोरे धावत असतात. कुणाच्या पायात नवे बूट, कुणाच्या पायात थोरल्या भावाचे, एखादा अनवाणीच. आता त्यांत मुलीही असतात, दोघी-तिघींच्या घोळक्याने. मागे सायकलवर एखादीचे वडील. ही पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. कापसाच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घरात दर महिन्याला येणाऱ्या पगाराचे मोल काय, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको.

भरतीविषयी सगळेच बोलतात. निवड झाल्यावर पुढे काय, हे मात्र घरात कुणालाच धड ठाऊक नसते. आमच्या शेजारची मुलगी शिपाई म्हणून निवडली गेली. गल्लीत पेढे वाटून झाल्यावर तिची आई हळूच मला म्हणाली, "भाऊजी, तिथं मारत-गिरत त नाही ना?" मी हसलो खरा; पण त्या माउलीला काय सांगावे, ते मलाही सुचले नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, ती जाणार होती ती नाशिकच्या अकादमीत नव्हे. ती शंभरी ओलांडलेली संस्था मुख्यतः फौजदार आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची. शिपायांची शाळा वेगळी. अकोला, नागपूर, जालना अशा ठिकाणी प्रशिक्षण केंद्रे आहेत आणि जिल्ह्यातून निवडलेली मुले त्यांपैकी एखाद्या केंद्रात काही महिन्यांसाठी जातात. तिथले शिक्षण दोन भागांत चालते. मैदानावरचा तो बाह्यवर्ग आणि फळ्यासमोरचा तो आंतरवर्ग.

सुरुवातीचे दिवस पायांचे. पहाटे शिट्टी, हजेरी, पळणे, मग कवायत. गंमत अशी की मराठी मुलखातल्या या मैदानावर हुकूम मात्र हिंदीत सुटतात: 'दाहिने मूड', 'पीछे मुड', 'थम'. टाचांना फोड येतात, मेसची पोळी घरच्यासारखी लागत नाही, रात्री फोनवर आवाज जड होतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे सारे निरर्थक पायआपट वाटते. मला तसे वाटत नाही. चिडलेल्या जमावासमोर हातात लाठी घेऊन उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलाने स्वतःच्या रागाने नव्हे तर हुकुमाने हलावे, थांब म्हटले की थांबावे, ही सवय शरीरात मुरावी लागते. व्याख्यानाने ती येत नाही.

आंतरवर्गाची तऱ्हा सध्या मजेदार आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे कलम ३०२ होते ते १०३ झाले, फसवणुकीचे ४२० होते ते ३१८. आपल्या बोलण्यातला 'चारसोबीस' काही हटायचा नाही! पण जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांखाली चालायचे, म्हणून पोरांना दोन्ही आकडे पाठ हवेत. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर न्या, त्याच्या घरच्यांना कळवा, झडतीचे चित्रीकरण करा, असे बरेच काही. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे पहिल्यांदा ऐकताना नव्या पोरांचे चेहरे पाहण्यासारखे होत असतील. कायद्याचाच आपल्यावर विश्वास नाही, मग आम्ही करायचे काय? प्रश्न रास्त आहे. 'मारून कबूल करून घेण्याने काही सिद्ध होत नाही' हे उत्तर मात्र त्यांच्या मनावर याच महिन्यांत ठसले पाहिजे. पुढे ठाण्यात गेल्यावर वेगळे सांगणारे कुणी भेटणारच नाही, अशी खात्री कोण देणार?

माझे म्हणणे खरे तर याच्या पुढचे आहे. आपल्या जिल्ह्यात नव्या शिपायाची पहिली कसोटी अनेकदा जमावापुढे लागत नाही. ती लागते एखाद्या अंगणात, जिथे सकाळी माणूस बोलत होता आणि दुपारी चादरीखाली आहे. अकस्मात मृत्यूची नोंद, पंच, पंचनामा, शवविच्छेदन. लिहिणारा हवालदार किंवा फौजदार. नवा शिपाई टेप धरतो, पंच बोलावून आणतो, गर्दी मागे सारतो. एरवी हे कागद फायलीत पडून राहिले असते. इथे तसे नाही. शासनाने २००६ मध्ये आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरवली. त्यासाठी नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा हे सिद्ध व्हावे लागते आणि जिल्हा समितीपुढे जाणाऱ्या प्रकरणात पोलिसांचे कागदही असतात. घाईत लिहिलेले 'घरगुती कारणावरून' हे दोन शब्द त्या बाईला कुठवर छळतील, याचा अंदाज लिहिणाऱ्याला असतो का? २०१७ च्या फवारणीच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. औषध अंगावर उडून मेला की पिऊन मेला, या एका फरकावर तेव्हा किती घरांचे पुढचे ठरणार होते!

हे कवायतीत शिकवता येत नाही, पण शिकवता मुळीच येत नाही असेही नाही. प्रशिक्षणातले दोन-तीन आठवडे स्वतःच्या जिल्ह्यात, चांगल्या बीट हवालदाराच्या हाताखाली काढू द्यावेत. ज्या घरी सकाळी मृत्यू झाला आहे तिथे बूट कुठे काढायचे, आधी कुणाशी बोलायचे, बाईला प्रश्न विचारताना उभे राहायचे की खाली बसायचे, हे पाहूनच कळते. भाषेचेही तेच. झरी-जामणीकडच्या कोलाम पोडावर, पुसद-दिग्रसच्या तांड्यावर, दुःखाच्या वेळी माणूस पुस्तकी मराठीत बोलत नाही. कोलामी, गोंडी, गोरमाटी जाणणारी मुले भरतीत येतात. त्यांच्याकडून बाकीच्यांनी शंभर-दोनशे शब्द शिकावेत, यासाठी खर्च तो काय?

शेजारची ती मुलगी दीक्षान्त संचलन आटोपून आता जिल्ह्यातल्याच एका ठाण्यात रुजू झाली आहे. परवा रजेवर आली होती. मारत नाहीत, हे आईला तिने केव्हाच सांगून टाकले होते. मी तिला पहिल्या ड्युटीबद्दल विचारले. शवविच्छेदनगृहाबाहेर एका म्हातारीजवळ चार तास बसायचे होते, म्हणाली. म्हातारी कोलामीत एकच काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होती आणि हिला ते कळत नव्हते. शेवटी समोरच्या चहावाल्याने सांगितले: पोराला आत थंडी वाजत असेल का, असे ती विचारते आहे.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार काका, आत जाऊन बघून आल्यासारखं केलं," ती म्हणाली. "आणि चहावाल्याजवळून दोन-चार शब्द लिहून घेतले."