घरच्या यादवींत परक्याची तरवार

आमच्या वाचकांपैकीं एका मोठ्या कुटुंबांतून पुढील अर्थाची पृच्छा आली आहे : एखाद्या देशांत यादवी माजून तेथील लोक एकमेकांचा संहार करूं लागले, तर इतर राष्ट्रांनीं आपलें सैन्य तेथें धाडावें कीं नाहीं? ह्या प्रश्नावरून त्या घरांत दोन तट पडले आहेत. वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, दुसऱ्याच्या घरांतील भांडणांत पाय घालूं नये. तरुण मंडळी म्हणतात, शेजारीं आग लागली असतां आपलें दार लावून बसणें हा धर्म नव्हे. दोन्ही पक्षांस आधार आहे, म्हणूनच ह्या विषयाचा ह्या महिन्यांत थोडा विस्तारानें विचार करावा असें आम्हांस वाटतें.

प्रश्न दूरदेशींचा वाटतो. पण चिपळुणांत बसून विचार करणारास त्याचें उत्तर शोधण्यासाठीं फार लांब जाण्याचें कारण नाहीं. वाशिष्ठीच्या कांठचा गोवळकोट आणि तिच्या मुखाशीं असलेला अंजनवेलचा किल्ला हे दोन्ही तुळाजी आंग्र्यानें सिद्दीपासून जिंकून घेतले आणि पुढें ते पेशव्यांकडे आले. ते कसे आले, ह्या हकीकतींत आजच्या प्रश्नाचा बराचसा अर्थ सांठविलेला आहे.

कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले. त्यांचे वडील चिरंजीव सेखोजी १७३३ त निवर्तल्यावर संभाजी आणि मानाजी ह्या भावांत वांटणीचा कलह पेटला. तो मिटविण्यास प्रथम थोरले बाजीराव पुढें आले. त्यांनीं १७३५ त कुलाबा मानाजीस व सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडील भाग संभाजीस अशी विभागणी करून दिली. आरमार दुभंगलें हें खरें, परंतु हा निवाडा एकाच राज्यांतील वडीलधाऱ्यानें केलेला होता. पुढें संभाजीच्या मागून तुळाजी सरखेल झाला. तो शूर होता तसाच हट्टी होता. पेशव्यांचा हुकूम तो मानीना, आणि पेशव्यांच्या मुलखासहि त्याचा उपद्रव होऊं लागला. नानासाहेब पेशव्यांची तक्रार खोटी होती असें कोणींहि म्हणूं नये. चूक झाली ती उपायांत.

मार्च १७५५ मध्यें पेशव्यांचे कोंकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्यामार्फत मुंबईकर इंग्रजांशीं करार झाला. लगेच एप्रिलांत कमोडोर जेम्सनें समुद्राकडून तोफा डागून सुवर्णदुर्ग पाडाव केला आणि करारानुसार तो पेशव्यांच्या हवालीं झाला. इथपर्यंत सौदा बरा दिसला. पुढच्या वर्षीं फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसन व कर्नल क्लाइव्ह हे विजयदुर्गावर आले. तुळाजी पेशव्यांच्या छावणींत जाऊन तहाचें बोलूं लागला आहे असें पाहतांच इंग्रजांनीं किल्ला मराठ्यांच्या हातीं जाण्यापूर्वीं घाईनें घेतला, बंदरांतील आरमार जळून खाक झालें, आणि आंतील लूट त्यांनीं आपसांतच वांटून घेतली. किल्ला परत मिळविण्यास पेशव्यांस आठ महिने घासाघीस करावी लागली. अखेर बाणकोट इंग्रजांस देऊन विजयदुर्ग पदरांत पडला. तुळाजी आजन्म कैदेंत राहिला. पुढें धुळपांच्या हाताखालीं पेशव्यांचें आरमार विजयदुर्गास उभें राहिलें, नाहीं असें नाहीं. परंतु कान्होजीचा जो दरारा मुंबईकरांस पंचवीस वर्षांपूर्वीं होता, तो मोडून काढण्याचें काम आपणच त्यांच्या हातीं दिलें. हाच क्लाइव्ह जून १७५७ मध्यें पलाशीच्या रणांगणावर दिसतो. तेथेंहि नबाबाच्या दरबारांतील फितूर झालेली मंडळी त्याच्या मदतीस होतीच.

ह्यानंतरची पायरी राघोबादादांची. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावांचा खून झाला, बारभाईंनीं कारस्थान उभारलें, आणि पुढील वर्षीं सवाई माधवराव जन्मास आल्यावर दादांचा पेशवाईवरील हक्क संपला. तेव्हां त्यांनीं मार्च १७७५ मध्यें सुरतेस इंग्रजांशीं तह केला. अडीच हजार फौजेच्या मोबदल्यांत साष्टी आणि वसई देण्याचें त्यांनीं कबूल केलें. ज्या वसईसाठीं चिमाजीअप्पांनीं १७३९ त एवढें रक्त सांडलें, ती एका सहीनें द्यावयास दादा तयार झाले. इंग्रज आले म्हणतांच नाना फडणिसांनीं फ्रेंचांच्या वकिलास पुण्यांत ठेवून घेतलें. एकानें एक परका बोलाविला कीं दुसरा दुसऱ्यास बोलावितो. यादवीचा हा नियमच आहे. वडगांवास इंग्रजांची फजिती झाली, सात वर्षें मुलूख होरपळला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें शेवट काय झाला? साष्टी इंग्रजांकडे राहिली, आणि दादा पेन्शन घेऊन कोपरगांवास गेले. बोलावणारास गादी मिळाली नाहीं. बोलाविलेल्यास बेट मिळालें.

तिसरा प्रसंग सर्वांस माहीत आहे. ऑक्टोबर १८०२ मध्यें ऐन दिवाळींत हडपसरजवळ यशवंतराव होळकरानें शिंद्यांच्या व पेशव्यांच्या फौजांचा मोड केला. दुसरे बाजीराव महाडावरून सुवर्णदुर्गाच्या आश्रयास आले, आणि तेथून समुद्रमार्गानें रेवदंड्यावरून वसईस गेले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीं ज्या सुवर्णदुर्गावर पेशव्यांच्याच विनंतीनें इंग्रजांनीं तोफा डागल्या, तोच दुर्ग आतां पेशव्यास इंग्रजांच्या दाराशीं जाण्याची वाटेवरची धर्मशाळा झाला! ३१ डिसेंबर रोजीं तह झाला. सहा हजार पायदळ कायमचें पदरीं घ्यावें, त्याच्या खर्चास सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून द्यावा, निजाम व गायकवाड यांच्याशीं असलेले तंटे इंग्रजांच्या निवाड्यावर सोडावे. मे १८०३ मध्यें बाजीराव पुन्हां गादीवर बसले. परंतु ज्या फौजेनें त्यांस बसविलें, ती परत गेली नाहीं. १८१८ त ब्रह्मावर्तास जातांना त्यांच्याजवळ आठ लक्षांची सालिना नेमणूक होती, राज्य नव्हतें.

कोणी म्हणेल, इंग्रजांची शक्तीच मोठी होती. त्यांस कोणीं बोलाविलें नसतें तरी ते आलेच असते. आले असतेहि. परंतु न बोलावितां येणारास सर्व घर एकवटून विरोध करितें. बोलाविल्यावर आलेल्यास निम्मे घर दिवा घेऊन वाट दाखवितें. महाभारतांत चित्रसेन गंधर्वानें दुर्योधनास धरून नेलें, तेव्हां धर्मराजानें भीमार्जुनांस त्याच्या सुटकेस पाठविलें. परक्याशीं गांठ पडली असतां आपण शंभर आणि पांच वेगळे नाहीं, हा त्याचा विचार होता. पुढें भारतीय युद्धाच्या वेळीं रुक्मी सेना घेऊन मोठ्या तोऱ्यानें आला असतां अर्जुनानें त्याचें साहाय्य नाकारलें, आणि नवल हें कीं, दुर्योधनानेंहि नाकारलें. एवढ्या एका बाबतींत दोन्ही पक्षांस सारखेंच शहाणपण सुचलें होतें.

येथवर वडील मंडळींची बाजू झाली. ती जितकी बळकट दिसते तितकीच संपूर्ण असती, तर प्रश्नच उरला नसता. परंतु तरुणांच्या पक्षासहि इतिहासाची साक्ष आहे, आणि तीहि आपल्याच घरची आहे.

२५ मार्च १९७१ च्या रात्रीं पूर्व पाकिस्तानांत लष्करानें आपल्याच प्रजेवर शस्त्र धरलें. पुढील महिन्यांत सुमारें एक कोट निर्वासित भारताच्या सरहद्दीच्या आंत आले. ही घरगुती बाब आहे, असें जग म्हणत होतें. डिसेंबरांत युद्ध सुरू झाल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेंत १०४ राष्ट्रांनीं युद्धतहकुबी व सैन्यें मागें घेण्याच्या बाजूनें मत दिलें. विरुद्ध अवघीं ११ होतीं. तरीहि भारतीय सैन्य पुढें गेलें. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या, म्हणजे जंगी पलटणीनें जमालपूर घेतलें, १६ डिसेंबरास ढाक्यास शरणागति झाली, आणि सुमारें ९३ हजार लोक कैद झाले. ह्यांत भारताचा स्वार्थ मुळींच नव्हता असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. शेजारचा शत्रू दुभंगला तर तो कोणास नको होता? पण मार्च १९७२ मध्यें, म्हणजे तीन महिन्यांच्या आंत, आपलें सैन्य बांगला देशांतून परत आलें. त्यानें तेथें साष्टी मागितली नाहीं, बाणकोट मागितला नाहीं. वसईची फौज आणि ढाक्याची फौज ह्यांतील भेद ह्या एका गोष्टींत सांठलेला आहे.

आणि न जाण्याचेंहि पाप असतें. १९९४ च्या एप्रिलांत रवांडामध्यें कत्तल सुरू झाली, तेव्हां संयुक्त राष्ट्रांचें सुमारें अडीच हजारांचें दल तेथें हजर होतें. सुरक्षा समितीनें तें वाढविण्याऐवजीं दोनशें सत्तरांवर आणण्याचें ठरविलें. शंभर दिवसांत सुमारें आठ लक्ष माणसें मारलीं गेलीं. दुसऱ्याच्या घरांत पाय घालूं नये, ह्या वचनाचा असाहि अर्थ होऊं शकतो, हें वडील मंडळींनीं विसरूं नये.

मात्र सद्धेतूनें गेलें म्हणजे काम फत्ते होतें, असें तरुणांनींहि समजूं नये. २९ जुलै १९८७ च्या कराराप्रमाणें आपलें शांतिसैन्य लंकेंत गेलें. लंकेच्या अध्यक्षांनीं तें बोलाविलें होतें, आणि तामिळ प्रजेचें रक्षण हाच त्याचा उद्देश सांगितला होता. परंतु ज्या वाघांनीं शस्त्रें खालीं ठेवावयाचीं त्यांची त्या करारावर सहीच नव्हती. ऑक्टोबरांत त्यांच्याशींच लढाई जुंपली. इकडे सिंहली लोकहि परकें सैन्य आलें म्हणून चिडले, आणि नवीन अध्यक्षांनीं १९८९ त आपल्या सैन्यास परत जा म्हणून सांगितलें. मार्च १९९० मध्यें तें परतलें तेव्हां अकराशेंहून अधिक जवान कामास आले होते. मुंबईंत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन् त्यांपैकींच एक; त्यांस मरणोत्तर परमवीर चक्र मिळालें. त्यांच्या शौर्यास सीमा नव्हती. पण ज्यासाठीं त्यांस धाडलें तें साधलें नाहीं. लंकेंतील यादवी पुढें २००९ पर्यंत चाललीच. लिबियांतहि २०११ सालीं नागरिकांच्या रक्षणासाठीं म्हणून पाश्चात्य राष्ट्रांनीं विमानें पाठविलीं. गडाफी मारला गेला, आणि मागें एक देश व त्यांत दोन सरकारें उरलीं. राजा पाडणें सोपें, घर सांवरणें कठीण.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेनें परराष्ट्रावर बळ वापरण्यास मनाई केली आहे, आणि २००५ सालीं सर्व राष्ट्रांनीं मिळून असेंहि मान्य केलें आहे कीं, वंशसंहारासारख्या घोर अत्याचारांपासून प्रजेचें रक्षण करण्यास एखादें सरकार उघडपणें असमर्थ ठरलें, तर सुरक्षा समितीच्या द्वारें जगानें पुढें यावें. नियम दोन्ही बाजूंनीं लिहून ठेविले आहेत. कोणता केव्हां लावावा हें मात्र माणसांसच ठरवावें लागतें. तेव्हां वरील सर्व हकीकतींवरून चार प्रश्न निघतात, ते आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

पहिला : बोलावणें कोणाचें आहे? गादी गमावलेल्या राघोबाचें, कीं जीव घेऊन पळणाऱ्या निःशस्त्र प्रजेचें? दुसरा : येणारास मोबदला काय मिळावयाचा आहे? ज्या मदतीच्या करारांत बंदर, मुलूख किंवा खाण लिहिलेली असते, ती मदत नव्हे, तो व्यापार आहे. तिसरा : भांडणारांपैकीं ज्यांच्यावांचून शांतता होणार नाहीं, त्यांनीं ती कबूल केली आहे काय? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा : जाणार केव्हां? जो येण्यापूर्वीं परत जाण्याची मुदत सांगत नाहीं, त्याच्यासाठीं दिंडीदरवाजाहि उघडूं नये.

ह्या कसोटीस क्वचितच एखादा प्रसंग उतरेल. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, दोन पक्ष सत्तेसाठीं लढत असतां तिसऱ्यानें सैन्य घालूं नये. निर्वासितांस थारा, जखमींस औषध आणि उभयतांस समेटाचा सल्ला, एवढेंच त्यानें द्यावें. मात्र निःशस्त्र माणसांची सरसकट कत्तल चालली असेल आणि ती थांबविण्याचें सामर्थ्य आपल्या हातीं असेल, तर 'तें त्यांचें घरगुती आहे' ह्या शब्दांआड लपणें हें शहाणपण नव्हे, भ्याडपणा आहे. तेथें जावें, काम करावें, आणि हात रिकामे ठेवून परत यावें.

तरीहि हा सर्व उपाय रोग झाल्यानंतरचा. आपल्या कोंकणांत एका आंब्याच्या कलमासाठीं दोन भाऊ कोर्टाची पायरी चढतात, आणि कलमाच्या किंमतीच्या दसपट पैसा वकिलाच्या पेटींत जातो, हें आपण सर्व जाणतों. राष्ट्रांचेंहि तेंच आहे. तुळाजी आणि नानासाहेब एका पाटावर बसून बोलले असते, तर वॉटसनला विजयदुर्गाच्या खाडींत येण्याचें कारण पडलें नसतें. परक्यानें यावें कीं नाहीं हा प्रश्न पडण्यापूर्वींच घरांतील भांडण घरांत मिटविण्याचें सामर्थ्य ज्या समाजांत असतें, त्याचें स्वातंत्र्य टिकतें. आणि तें सामर्थ्य राजधानींत नव्हे, घराघरांतील माजघरांत शिकावें लागतें.