आखूड फेऱ्याचा धंदा

सदर : गल्ला आणि गाव

२०२२ साल गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या बाजारपेठेने दोन्ही टोकांनी पाहिलं. १३ ते २४ एप्रिल प्राणहितेचं पुष्कर होतं. गुरू मीन राशीत शिरला की बारा वर्षांतून एकदा येणारं हे पर्व. तेलंगणातून, आंध्रातून, छत्तीसगडातून आणि आपल्या विदर्भातून माणसं स्नानाला लोटली. नारळ, हळद-कुंकू, चहा, जेवणाचं ताट, पाण्याची बाटली, रात्रीपुरती खोली, ज्याच्याकडे जे होतं ते विकलं गेलं. मग जुलै आला. प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती एकदमच फुगल्या, मेडिगड्डा धरणाचे दरवाजे उघडले गेले, नदीकाठची गावं हलवावी लागली आणि उभी शेतं पाण्याखाली गेली. खाली भद्राचलमला १६ जुलैला गोदावरी ७१ फुटांच्या वर होती. पर्व आणि पूर यांच्यात जेमतेम तीन महिने.

धंदा करणाऱ्याच्या मनाची कसोटी या दोन्ही वेळी लागत नाही, असं माझं मत आहे. पुष्करात गिऱ्हाईकच उठवतं, पुरात जीवच उठवतो. कसोटी लागते ती मधल्या दिवसांत. श्रावणातली ओली सकाळ, शटर वर केलेलं, वीज गेलेली, अकरा वाजले तरी बोहनी नाही. अशा दिवशी उद्या पुन्हा शटर का उचलायचं, याचं उत्तर ज्याच्यापाशी असतं तो टिकतो. हे उत्तर कुठून येतं, एवढाच आजचा विषय.

बाजारात याचं एक तयार उत्तर मिळतं. मोबाईल उघडला की कुणीतरी सूट घालून सांगत असतो, पहाटे पाचला उठा, स्वप्न मोठं ठेवा. सिरोंचा तालुक्यातल्या कुठल्याही घरातली बाई पाचच्या आधी उठलेली असते. तिच्यावर अजून कुणी रील काढलेली नाही. उद्योजकता शिबिरांतही पहिला तास बहुतेक वेळा याच भाषणाला जातो. टाळ्या पडतात, चहा होतो, दुपारी कर्जाच्या योजनांची यादी वाचली जाते.

गंमत अशी की धंद्याची जिद्द शिकवता येते का, या प्रश्नावरचा जगातला सर्वांत गाजलेला प्रयोग याच गोदावरीच्या खालच्या अंगाला झाला. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ साली गोदावरीच्या मुखाजवळच्या काकीनाड्यातले ५२ व्यापारी-कारखानदार निवडले आणि हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत त्यांना दहा-दहा दिवसांचं शिक्षण दिलं. तुलनेसाठी शेजारच्या राजमहेंद्रीसारख्या गावांतले, शिक्षण न घेतलेले व्यापारी होते. पुढची काही वर्षं पाहिल्यावर दिसलं, की शिकून गेलेले जास्त हालचाल करत होते. नवा माल, नवा धंदा, जास्त गुंतवणूक, जास्त माणसं कामाला. डेव्हिड विंटर यांच्यासोबत लिहिलेलं यावरचं पुस्तक १९६९ मध्ये आलं. देशभर पुढे जी उद्योजकता शिबिरं निघाली, त्यांच्यावर या प्रयोगाची छाप आहे.

शिबिरांनी मात्र या माणसाचं अर्धंच घेतलं. मॅक्लेलंड एक साधा खेळ सांगत. जमिनीत खुंटी, हातात रिंगा, उभं कुठून राहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. काही अगदी जवळ उभे राहतात, काही उगाच लांबून फेकतात. ज्याच्यात कर्तबगारीची ओढ आहे तो मधलं अंतर धरतो. रिंग पडण्याची शक्यता हवी, पण पडली तर ती आपल्या हाताने पडली असं वाटायलाही हवं. आणि पडली की नाही, हे लगेच कळायला हवं. अशा माणसाला कौतुक, पाठीवरची थाप यांपेक्षा निकाल हवा असतो, आणि तो चटकन हवा असतो. शिबिरांनी ओढ घेतली, निकालाची घाई सोडून दिली.

आता हे सिरोंच्यात आणून ठेवा. इथला निकाल लागायला किती वेळ लागतो?

नदीकाठच्या काळ्या जमिनीत मिरची चांगली येते. रोप पावसाळ्यात लागतं, तोडा जानेवारीपासून पुढे चालतो, माल वरंगळसारख्या बाजारात जातो, पट्टी हातात येते तोवर उन्हाळा लागलेला असतो. म्हणजे औषध-खतापासून तोडणीच्या मजुरीपर्यंत सात-आठ महिने पैसा फक्त जात राहतो. तेंदूपत्त्याचं काम त्याच्या उलट, मे महिन्यातले दोन-तीन आठवडे. पहाटे रानात जायचं, पानं आणायची, ७० पानांचं पुडकं बांधायचं, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचं. हजार पुडक्यांची एक गोणी. काम डोळ्यांपुढे संपतं, पैसा मात्र डोळ्यांपुढे येईलच असं नाही. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारे पेसा नियम २०१४ मध्ये आल्यापासून ग्रामसभा स्वतः पान विकू शकतात, ही मोठीच गोष्ट झाली. पण कंत्राटदाराने हप्ता रखडवला तर ग्रामसभेला चकरा मारण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. मेडिगड्ड्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी इथल्या शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, ते तर वेगळंच प्रकरण.

तुम्ही म्हणाल, ही शेतकऱ्याची गोष्ट झाली, दुकानदाराचं काय? शेतकऱ्याचा हा आठ महिन्यांचा फेरा दुकानदाराच्या वहीत येऊन बसतो. ‘मिरची निघाली की देतो अण्णा’ म्हणून तेल, साखर, साबण जातं. हा दुकानदार माल आणतो मंचेरियलहून, चेन्नूरहून. नद्यांवर पूल झाल्यापासून तिकडचा ठोक व्यापारी चंद्रपूरपेक्षा जवळ पडतो. तो व्यापारी फार तर पंधरा दिवस थांबतो. घेणं आठ महिन्यांचं आणि देणं पंधरा दिवसांचं. मधलं अंतर दुकानदार भरतो कधी बायकोच्या गळ्यातल्या पोतीवर, कधी खासगी कर्जावर, कधी दोन दिवस दुकान बंद ठेवून. तिसऱ्या दिवशी तो शटर उचलत नाही तेव्हा आपण म्हणतो, याच्यात जिद्द राहिली नाही. मला तिथे दिसते ती वजाबाकी.

नदीपलीकडच्या दुकानांत ‘अप्पु रेपु’ अशी पाटी असते. उधार उद्या. पाटी विनोदाची आहे, आणि पाळली जात नाही. सिरोंच्यात ती पाळणं त्याहून अवघड. इथे गिऱ्हाईक मराठी बोलेल, तेलुगू बोलेल, माडिया बोलेल, पण बहुतेकदा ते नात्यातलं किंवा शेजारचंच असणार. उधारी बंद करा, हा नागपुरात बसून देण्याचा सल्ला झाला.

मग टिकलेले टिकतात कसे? नीट पाहिलं तर त्यांच्यात एक गोष्ट सारखी आढळते. लांब फेऱ्याच्या धंद्याला त्यांनी एक आखूड फेऱ्याचा धंदा बांधून ठेवलेला असतो. किराण्याच्या दारात चहाची शेगडी. खतांच्या दुकानात झेरॉक्सचं यंत्र. मिरचीच्या शेतकऱ्याच्या घरी शिलाई मशीन, किंवा चार शेळ्या, किंवा बाजाराच्या दिवशी मांडायची भाजीची दोन टोपली. चहात नफा किती? पेट्रोलपुरता. पण सकाळी सात वाजता चहाच्या शेगडीवर दहा रुपये पडतात आणि दिवस सुरू झाल्याची नोंद होते. हे पैसे उधारीच्या वहीत जात नाहीत, ही त्यातली शिस्त. एका कोपऱ्यात तरी रोखीचाच व्यवहार, बाकी दुकान नात्यागोत्याने चालू द्या.

ही काही आदिवासी-दुर्गम भागाची लाचारी नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं आठवा. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात. पुढे लोखंडी नांगर काढला तर शेतकरी म्हणे, लोखंडाने जमिनीला विषबाधा होते. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली, असं किर्लोस्करांच्या इतिहासात सांगितलं जातं. आपण ही कथा शाळेत चिकाटीची म्हणून ऐकली. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. त्याच कारखान्यात कडबा कापायची यंत्रंही होत होती. नांगरासाठी त्यांनी वाट पाहिली, आणि ती पाहण्याइतकी हिंमत टिकली याचं बरंचसं श्रेय मी त्या कडबा कापणाऱ्या यंत्रांना देतो. १९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली आणि औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

धंदा करणाऱ्या पुरुषांपेक्षा बायकांच्या बचत गटांना आखूड फेऱ्याचं हे मोल आधी कळलं, हेही नोंदवलं पाहिजे. ‘उमेद’ या सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांची पंचसूत्री गावोगाव पाठ असते : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. पाचही ठिकाणी शब्द एकच, नियमित. त्यात स्वप्न, ध्येय, यश यांतला एकही नाही. दर आठवड्याला दहा-बारा जणी गोल बसतात, वही उघडते, कुणी किती टाकले आणि कुणी किती फेडले ते मोठ्याने वाचलं जातं. एखादीचं लोणचं खपलं नसेल तर ते त्याच आठवड्यात कळतं, आठ महिन्यांनी नव्हे. बाकीच्या जणी बसलेल्या असतात म्हणून ती पुढच्या आठवड्यातही येते. एकट्या दुकानदाराला ही सोय नाही. त्याच्या वहीला वाचणारा दुसरा कुणी नसतो. व्यापारी संघटना सणाच्या वर्गणीपलीकडे काही करणार असतील तर त्यांनी हे करून पाहावं. चार-पाच दुकानदार, आठवड्यातून एक संध्याकाळ, आपापली उधारीची वही उघडून. पहिल्या दोन आठवड्यांत लाज वाटेल.

(आठवड्याचा फेरा खासगी मायक्रोफायनान्सवाल्यांनाही कळलेला आहे, हे विसरू नका. त्यांचा हप्ताही आठवड्याने येतो आणि बाई त्या धास्तीनेही पहाटे उठते. पण त्या उठण्याला मी उमेद म्हणणार नाही. गटात पैसा गावातच फिरतो, कंपनीच्या हप्त्यात तो गावाबाहेर जातो.)

इथवर जे लिहिलं ते दुकानदाराच्या हातातलं. आता जे त्याच्या हातात नाही त्याबद्दल. मॅक्लेलंडचा प्रयोग काकीनाड्यात जमला, कारण तिथे बंदर होतं, बाजारपेठ होती, रस्ते होते. कमी होती ती ओढ, आणि ती त्यांनी दिली. सिरोंच्यात नेमकं उलटं आहे. पहाटेच्या अंधारात तेंदूला जाणाऱ्या, मिरची तोडायला नदी ओलांडून तेलंगणात जाणाऱ्या आणि मजुरीत पैशांऐवजी कधी मिरचीच बांधून आणणाऱ्या माणसांना ओढ शिकवायला जाणं हा उद्धटपणा आहे. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरहून दूर. आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंतचा ३५३-सी महामार्ग वर्षानुवर्षं खड्ड्यांनी आणि अर्धवट कामांनी ओळखला जातो. एका पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला आणि सुटा भाग यायला आठवडा लागला, तर त्या आठवड्यात गिरणीवाल्याचं मन खचतं ते स्वभावदोषाने नव्हे. रस्ता लांबला की पैशाचा प्रत्येक फेरा तितकाच लांबतो. वीज गेली की यूपीआयचा आवाज बंद, म्हणजे हातोहात मिळणारा निकालही बंद.

म्हणून शिबिरं घेणाऱ्यांना एक सुचवणं आहे. सिरोंच्यात पहिला तास भाषणाचा ठेवू नका. येणाऱ्या प्रत्येकाला त्याची वही घेऊन बोलवा आणि एवढंच काढायला लावा : कुठला पैसा किती दिवसांनी परत येतो, आणि त्यातला कुठला सात दिवसांत परत येईल असा करता येईल. तेवढं झालं की योजनांची यादी वाचा.

आणि सरकारला एक. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा नाशकात सिंहस्थ भरतो आणि त्याच गोदावरीचं पुष्कर इकडे होतं. मागचं जुलै २०१५ मध्ये झालं, पुढचं २०२७ मध्ये आहे. नाशिकच्या घाटांची, रस्त्यांची, निधीची चर्चा रोज वर्तमानपत्रात आहे. तीच नदी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला सिरोंच्यापाशी पुन्हा आपल्या हद्दीला लागते. पुष्कराचे बारा दिवस इथले दुकानदार स्वतःच्या बळावर सांभाळतील, २०२२ मध्ये सांभाळलेच. त्यांना उरलेल्या दिवसांसाठी आलापल्ली-सिरोंचा रस्ता हवा आहे. तो २०२७ च्या आधी पूर्ण करा.