‘सवय लागेल’ म्हणणाऱ्यांना

‘गोळ्यांची सवय लागते, त्यापेक्षा मन खंबीर कर.’ बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हा सल्ला पारावर, सोयरिकीत, कुठंही फुकट मिळतो. मला बायपोलर आहे, म्हणजे मनाला कधी तेजी तर कधी उतरती लागण्याचा आजार, त्यामुळं याचं उत्तर देणं मला भाग आहे.

त्यातलं खरं तेवढं आधी मान्य करतो. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते. पण म्हणून सगळ्या गोळ्या एकाच माळेत ओवायच्या? मी घेतो ते लिथियम. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी या आजारावरचा त्याचा गुण जगापुढं मांडला. त्याची तलफ येत नाही. अचानक बंद केलं तर मात्र आजार उलटतो, आणि आजार उलटण्याला व्यसन म्हणत नाहीत.

राहिलं मन खंबीर करणं. तेजीच्या दिवसांत माझ्याएवढं खंबीर मन अख्ख्या शिवारात कुणाचं नव्हतं! आमच्याकडं शेतीची लाईट पुष्कळदा रात्रीची. उसाला पाणी द्यायला जागणारा माणूस घरच्यांना कष्टाळू वाटतो, मीही वाटलो. लाईट गेल्यावरही मी बॅटरी घेऊन बांधावर उभाच. वहीत शेततळ्याचे, डाळिंबाच्या बागेचे, नव्या ट्रॅक्टरचे हिशेब, त्यापायी उचललेले हातउसने पैसे, आणि डोळ्याला डोळा नसून थकवा म्हणून नाही. पुढं उतरती लागली तेव्हा मोटारीचं बटण दाबायलाही मी उठेना, आणि गावानं आळशी ठरवलं. ज्या मनाच्या बळावर लढ म्हणता, आजार त्याच मनाला झालाय.

‘बाहेरचं आहे’ म्हणून साखळीनं बांधणाऱ्या-मारणाऱ्यांशी वाद घालत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हाच आहे. वारी कर म्हणणारे मात्र माझे जिवाभावाचे. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आमच्याच भागातून जाते, आणि मीही चालतो. पण घाम गाळून पाणी कमी पडलं तर रक्तातलं लिथियम वाढून विषारी ठरू शकतं. अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं, म्हणून दिंडीत कुणी पुढं केलेली गोळी मी घेत नाही. निघण्याआधी डॉक्टरांना विचारतो, रक्त तपासून घेतो. भजनानं धीर येतो, अगदी खरा येतो. त्या धीरावर औषध सोड, असं विठ्ठलानं कुणाला सांगितलेलं नाही.

औषधाचा त्रास होतो का? होतो. हात थरथरतात, तहान लागते, वजन वाढतं; थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी ठरल्या वेळी करावी लागते. हे गाऱ्हाणं पारावर न मांडता डॉक्टरांपुढं मांडलं, की डोस कमी-जास्त करता येतो. ‘किती दिवस घेणार?’ असंही विचारतात. कदाचित जन्मभर. मला ते मंजूर आहे. हातउसने फिटत आलेत. जागरणानं तेजी पुन्हा उसळू शकते हे घरात आता सगळ्यांना पटलंय, म्हणून रात्रीचं पाणी धाकटा भाऊ धरतो, आणि दिवसाची सगळी कामं माझ्याकडं आहेत.