लोकल रेसमधले लोकल कुठायत?

माझ्या टेबलावर एक मेडल पडलंय. त्यावर ढाल-तलवार आणि खाली 'मी मावळा' असं कोरलेलं. 25 किलोमीटरची डोंगरातली रेस, फी अडीच हजार, वेळ साडेचार तास. मेडल गळ्यात घालून मी फोटो टाकला, लाइक्सही मोजले. तेव्हा पुढे जे लिहितेय त्यात मीही आरोपी आहे, हे आधीच सांगून टाकते.

ऑगस्ट महिना होता. अठराव्या किलोमीटरला धुकं उतरलं आणि वाट दाखवणाऱ्या रिबिनी गायब झाल्या. (नंतर कळलं, गुरांनी खाल्ल्या. प्लॅस्टिकच्या होत्या. त्यावर वेगळं भांडायला हवं.) कारवीच्या गचपणात दोन वाटा फुटल्या आणि मी मोठ्या आत्मविश्वासानं चुकीची धरली. वरून हाक आली, "ओ ताई, तिकडं कडा हाय!"

सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. पायात पावसाळी प्लॅस्टिकचे बूट, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ. गुरं आजोबांच्या हवाली करून तो मला वाटेला लावायला आला, आणि गप्पा मारत तीन किलोमीटर सोबत पळाला. म्हणजे गप्पा तो मारत होता, मला श्वास पुरत नव्हता. ओल्या मुरमाच्या उतारावर मी बसून घसरत होते, तो उभ्यानं पळत उतरत होता.

"तू का नाही भाग घेतलास?"

"फी किती हाय?"

मी आकडा सांगितला. तो थांबलाच. "अडीच हजार? पळायचे?"

फिनिशच्या कमानीपाशी त्याला अडवलं. बिब नसलेल्यांनी बाजूला व्हायचं. अडवणाराही त्याच्याच गावचा, इव्हेंटचा टी-शर्ट घातलेला.

आता मला कुणीतरी सांगणारच, की ॲम्ब्युलन्स, विमा, परवानग्या, टायमिंग चिप हे फुकट येत नाही. मान्य. फी घेऊच नका असं मी म्हणतच नाहीये. पण हिशेब मांडायचाच तर पुरता मांडा. त्या यादीत वाट कुठंय?

आपण 'ट्रेल' म्हणतो ती काही डोंगराबरोबर उगवलेली नसते. गुरं, लाकूडफाटा, पाणी, पलीकडच्या गावचा बाजार, शाळा, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पाय पडले म्हणून ती झाली. दर पावसाळ्यात गवत तिला गिळतं, आणि रोज कुणीतरी चालतं म्हणून ती पुन्हा मोकळी होते. आयोजक एक दिवस रिबिनी बांधतात. बाकीचे 364 दिवस ती वाट जे राखतात, त्यांना रेसच्या दिवशी लिंबूपाण्याचा ग्लास धरून उभं करायचं आणि दुपारी जेवणाचं पाकीट द्यायचं. याला वर 'स्थानिक सहभाग' म्हणायचं!

आणि संकट येतं तेव्हा? 22 मे 2021 ला चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरच्या डोंगरी रेसमध्ये अचानक गारपीट, पाऊस आणि भयंकर वारा सुटला. 172 धावपटूंपैकी 21 जण गारठून गेले. इतर सहा जणांना झू केमिंग नावाच्या मेंढपाळानं वाचवलं. गुहेत नेलं, आग पेटवली, गोधड्या दिल्या. बचाव पथकांच्या आधी तो तिथे होता, कारण तो तिथलाच होता. आपल्याकडेही ट्रेकर हरवले की पहिली हाक पायथ्याच्या गावालाच जाते.

दुसरीकडे मेक्सिकोच्या कॉपर कॅन्यनमधली 'काबायो ब्लांको' ही 80 किलोमीटरची रेस बघा. तिथले रारामुरी लोक पिढ्यान्‌पिढ्या पळणारे. मायका ट्रू या परक्या माणसानं ती सुरू केली, पण त्यांच्यासोबत पळायला म्हणून. रेस पुरी करणाऱ्या रारामुरींना तिथे मका मिळतो. मेडलपेक्षा घरात उपयोगी पडणारी वस्तू आहे. तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही, पण यजमान कोण, याबद्दल घोळ नाही.

आपला घोळ 'मावळा' या शब्दातच आहे. मावळा म्हणजे मावळातला माणूस. ही पदवी नव्हे, पत्ता आहे. तो पत्ता आपण पुण्या-मुंबईहून गाडी करून आलेल्यांना अडीच हजाराला विकतो, आणि ज्याचा खरंच तो पत्ता आहे त्याला कमानीबाहेर उभा करतो. माझी मागणी तशी किरकोळ आहे. ज्या गावांच्या शिवारातून रेस जाते, तिथल्या पोरापोरींसाठी काही बिब राखीव ठेवा. फुकट, विम्यासकट, आणि पायात नीट बूट देऊन. त्यातून पोडियम शहराच्या हातून गेलं तर जाऊ दे. जाईलच बहुतेक. मला तर वाटतं खरी धास्ती तीच आहे.

हे सगळं मी आयोजकांना मेल करून कळवलं. दोन दिवसांत उत्तर आलं. आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार, आणि पुढच्या वर्षीच्या अर्ली बर्ड नोंदणीवर माझ्यासाठी 15 टक्के सवलतीचा कोड. कोड होता मावळा15.